गॅस डिटेक्टरची बंप टेस्ट आणि कॅलिब्रेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईटीपीची (सांडपाणी शुद्धीकरणाची) टाकी, रिॲक्टर, ड्रेनेजचं चेंबर, डिस्टिलरीची फर्मेंटर टाकी, असल्या ठिकाणी माणूस उतरायच्या आधी जो चार गॅसचा (ऑक्सिजन, जळणारे गॅस, कार्बन मोनॉक्साइड म्हणजे सीओ, हायड्रोजन सल्फाइड म्हणजे एचटूएस) मीटर लावतात त्याच्याबद्दलचे हे प्रश्न आहेत. तारापूर घ्या, लोटे घ्या, महाड घ्या नाहीतर कुरकुंभ, सुपरवायझर आणि ठेकेदाराची माणसं विचारतात ते जवळपास हेच. तुमच्या मीटरच्या मॅन्युअलमध्ये काही वेगळं दिलं असेल तर त्या बाबतीत मॅन्युअलचं ऐका, कारण वेळ, फ्लो आणि टॉलरन्स प्रत्येक मॉडेलला थोडे वेगळे असतात.

मीटर चालू केला, सगळीकडे शून्य आणि ऑक्सिजन २०.९ दाखवतोय. म्हणजे मीटर ओके ना?

नाही. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे म्हणून पहिला घेतला. हवा स्वच्छ असली तरी मीटर शून्य दाखवतो आणि सेन्सर मेलेला असला तरी शून्यच दाखवतो, स्क्रीनकडे बघून दोन्हीत फरक कळत नाही. चालू करताना मीटर जी सेल्फ टेस्ट करतो ती बॅटरी, सर्किट, बझर, लाइट यांची असते, काही मॉडेल सेन्सरची वायरिंग पण तपासतात, पण बाहेरचा गॅस जाळीतून आत सेन्सरपर्यंत पोचतोय का आणि पोचल्यावर सेन्सर हलतोय का हे सेल्फ टेस्टला माहीत नसतं. ते कळायला एकच रस्ता आहे, ज्याचं प्रमाण माहीत आहे असा गॅस मुद्दाम द्यायचा आणि मीटर काय बोलतो ते बघायचं.

ऑक्सिजनच्या बाबतीत थोडा आधार असतो कारण मोकळ्या हवेत तो २०.९ दाखवतो म्हणजे सेन्सर निदान जिवंत आहे, पण तो खाली येतो का हे तिथेही गॅस दिल्याशिवाय कळत नाही.

बंप टेस्ट आणि कॅलिब्रेशन एकच का?

एक नाही. बंप टेस्टमध्ये तुम्ही गॅस देता आणि बघता की आकडा चढला का, अलार्म वाजला का, झालं. मीटरमध्ये काही बदलत नाही. कॅलिब्रेशनमध्ये मीटरला सांगता की हा जो गॅस आत्ता येतोय तो अमुक इतका आहे, तुझा आकडा याच्याशी जुळवून घे. त्याचे दोन भाग, आधी स्वच्छ हवेत झीरो आणि मग सिलिंडरच्या गॅसवर स्पॅन. सेन्सर वापरून, उन्हातान्हात, धुळीत हळूहळू मंदावतो, २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) दिला तर २१ दाखवायला लागतो, ती घसरण कॅलिब्रेशनने भरून निघते. पण सेन्सर फारच मंदावला असेल तर मीटर कॅलिब्रेशन घेतच नाही, फेल म्हणतो, आणि तेव्हा परत परत बटण दाबत बसण्यात अर्थ नाही, सेन्सर बदलायचा. इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर साधारण दोन-तीन वर्षं चालतात, कपाटात पडून असले तरी त्यांचं वय होतंच.

बंप टेस्ट रोज करायची? सिलिंडर महाग पडतो हो.

रोज, त्या दिवशी मीटर वापरायच्या आधी. जवळपास सगळे उत्पादक आणि जगभरातल्या सेफ्टीच्या संस्था हेच सांगतात. शिवाय मीटर पडला, पाण्यात बुडाला, रेंजच्या बाहेर गॅस खाल्ला, किंवा कुणाकडून परत आला आणि त्याने काय केलं माहीत नाही, तर दिवसातून दुसऱ्यांदा पण.

पैशाचं म्हणाल तर हिशोब करून बघा. ५८ लिटरचा सिलिंडर, मिनिटाला अर्धा लिटर फ्लो, एका टेस्टला पाऊण मिनिट धरलं तर पावणेचारशे मिली गॅस लागतो, म्हणजे एका सिलिंडरमध्ये दीडशेच्या आसपास टेस्ट होतात. सिलिंडरच्या किमतीला दीडशेने भागा आणि ती रक्कम परमिटवर सही करणाऱ्या साहेबांपुढे ठेवा. माझ्या अनुभवात एवढं सांगितल्यावर बहुतेक वेळा वाद तिथेच मिटतो.

पूर्ण कॅलिब्रेशन किती दिवसांनी ते मॅन्युअल सांगेल, बऱ्याच ठिकाणी महिन्याला करतात, काही मॉडेलना सहा महिने चालतं. आणि बंप फेल झाली की तारीख न बघता लगेच.

बंप टेस्ट प्रत्यक्षात कशी करायची? एकदा नीट सांगा.

मोकळ्या हवेत या, डीजी सेट, फोर्कलिफ्ट, सॉल्व्हंटचे ड्रम यांच्यापासून लांब. मीटर चालू करून त्याचा वॉर्म-अप होऊ द्या, आणि एसी केबिनमधून थेट उन्हात आणला असेल तर थोडा वेळ त्याला बाहेरच्या हवेत स्थिर होऊ द्या. सिलिंडरचं लेबल आणि एक्सपायरी वाचा. रेग्युलेटर हाताने फिरवून बसवा, पाना लावायचा नाही, पान्याने आटे आणि ओ-रिंग दोन्ही जातात. गेजवर प्रेशर आहे का बघा. ट्यूब जोडा, कॅलिब्रेशन कॅप सेन्सरच्या तोंडावर नीट बसली का दाबून बघा, वाऱ्याच्या दिवशी सैल कॅपमधून हवा शिरते आणि आकडे कमी येतात.

आता गॅस सोडा आणि स्क्रीनवरून नजर हलवू नका. ऑक्सिजन २०.९ वरून उतरायला लागेल, १९.५ च्या खाली गेला की पहिला अलार्म. एलईएल, म्हणजे जळणाऱ्या गॅसचा आकडा (हवेत निदान जेवढा गॅस असला की पेट घेतो त्याच्या किती टक्के), बऱ्यापैकी लवकर वर येईल. एचटूएस थोडा निवांत चढतो, ४, ११, १७, २१, २३ असं करत करत २५ च्या जवळ येऊन थांबतो. सीओ १०० च्या आसपास. याच वेळी आवाज, लाइट आणि व्हायब्रेशन तिन्ही आहेत का बघा, कारण कॉम्प्रेसर हाउसशेजारी बझर ऐकू येत नाही, तिथे खिशातली थरथरच कामाला येते. आकडे मॅन्युअलमधल्या टॉलरन्समध्ये आले (बहुतेक ठिकाणी दहा ते वीस टक्के इकडेतिकडे) की गॅस बंद, कॅप काढा, आणि आकडे परत शून्यावर आणि २०.९ वर येतात का तेपण बघा. हे शेवटचं लोक सोडून देतात. पंपवाला मीटर असेल तर इनलेटवर बोट ठेवून पंप ब्लॉकचा अलार्म येतो का ते पण बघून घ्या.

एचटूएस जर १२-१४ वर अडून बसला तर लगेच सेन्सरला दोष देऊ नका. आधी ट्यूब बघा, मग जाळी बघा.

ट्यूबचा काय संबंध?

खूप आहे. एचटूएस आणि क्लोरीनसारखे गॅस साध्या रबरी नाहीतर स्वस्तातल्या प्लास्टिक नळीच्या भिंतीला चिकटतात, शोषले जातात, आणि सेन्सरपर्यंत पोचतो तो उरलासुरला गॅस. मग माणूस काय करतो, मीटर कमी दाखवतोय म्हणून कॅलिब्रेशन मारतो, आणि आता तोच मीटर खऱ्या ठिकाणी जास्तीचं दाखवायला लागतो. किटसोबत आलेली नळीच वापरा, शक्य तेवढी आखूड, आत ओल नको. मत्स्यालयाची नळी हार्डवेअरच्या दुकानातून आणून लावलेली पाहिली आहे, ती काढा.

रेग्युलेटर पण बघून घ्या. पंप नसलेल्या मीटरला ठरावीक फ्लोचा, बहुतेक मिनिटाला ०.५ लिटरचा, आणि पंपवाल्याला डिमांड फ्लोचा, म्हणजे पंप जेवढा ओढेल तेवढाच देणारा. पंपवाल्या मीटरला ठरावीक फ्लोचा लावला आणि पंपाची ओढ जास्त असली तर तो बाहेरची हवा पण खेचतो आणि टेस्ट उगीचच फेल जाते.

सिलिंडरवर नेमकं काय वाचायचं?

चार गॅसच्या सिलिंडरवर साधारण असं असतं: मिथेन २.५ टक्के, ऑक्सिजन १८ टक्के, कार्बन मोनॉक्साइड १०० पीपीएम, हायड्रोजन सल्फाइड २५ पीपीएम, बाकी नायट्रोजन. हे आकडे आणि मीटरच्या सेटिंगमधले स्पॅनचे आकडे एकच आहेत का ते जुळवा. सप्लायर बदलला की मिश्रण बदलतं आणि सेटिंग जुनंच राहतं, हा घोळ फार कॉमन आहे.

मिथेनचा एक खास गुंता आहे. जुन्या हिशोबाने मिथेनचं एलईएल ५ टक्के, त्यामुळे २.५ टक्के म्हणजे ५० टक्के एलईएल. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या हिशोबाने एलईएल ४.४ टक्के, मग तोच सिलिंडर ५७ टक्के एलईएल होतो. गॅस तोच, आकडा वेगळा. तुमचा मीटर कुठल्या हिशोबावर आहे ते एकदा बघून मीटरच्या मागे लिहून ठेवा.

एक्सपायरी मात्र खरोखर पाळायची. मिथेन, ऑक्सिजन फारसे बिघडत नाहीत पण एचटूएस सिलिंडरच्या आत हळूहळू कमी होतो, तारीख गेलेल्या सिलिंडरवर २५ लिहिलेलं असतं आणि आत किती आहे ते कुणालाच माहीत नसतं. सिलिंडरसोबत ॲनालिसिस सर्टिफिकेट आलंय का ते घेतानाच बघा, बिल पास झाल्यावर मागितलं तर मिळत नाही.

झीरो कुठेही मारला तर चालतो?

अजिबात नाही, आणि माझ्या मते यातच सगळ्यात जास्त धोका आहे, कारण करणाऱ्याला वाटतं आपण काळजी घेतोय. समजा मीटर चेंबरच्या तोंडाशी ६ पीपीएम एचटूएस दाखवतोय आणि कुणीतरी म्हणालं की तो ड्रिफ्ट असेल, झीरो मार. तुम्ही बटण दाबलं. आता मीटरच्या लेखी ६ पीपीएम म्हणजेच शून्य. आत खरे १४ असले तर तो ८ दाखवणार आणि १० चा अलार्म वाजणारच नाही. असा मीटर स्वच्छ हवेत नेला की उणे आकडा दाखवतो किंवा अंडर रेंज म्हणतो. तो दिसला की समजायचं की कुणीतरी घाणेरड्या हवेत झीरो मारलाय. झीरो मोकळ्या स्वच्छ हवेत, आणि प्लांटच्या हवेची खात्री नसेल तर झीरो एअरचा वेगळा सिलिंडर मिळतो, तो घ्या. कामाच्या जागी झीरोचं बटण लागू नये म्हणून बऱ्याच मीटरमध्ये ते पासकोडने बंद करता येतं, करून टाका.

लायटरचा गॅस सोडून बघितला, लगेच वाजला. झाली ना टेस्ट?

नाही झाली, उलट नुकसान झालं. लायटरमधून जवळजवळ शुद्ध ब्युटेन येतो, सेन्सर मोजतो १०० टक्के एलईएलपर्यंत, म्हणजे ब्युटेनच्या बाबतीत हवेत दीड-दोन टक्क्यांपर्यंत. त्याच्या कितीतरी पट गॅस तोंडावर मारला की कॅटॅलिटिक सेन्सरचा (गॅस जाळून एलईएल मोजणाऱ्या सेन्सरचा) मणी जास्त तापतो, त्याची संवेदना कमी होते नाहीतर झीरो सरकतो. आणि इतक्या मोठ्या डोसला अर्धमेला सेन्सर पण वाजतो, त्यामुळे १० टक्के एलईएलला वाजेल का हा खरा प्रश्न तसाच राहतो. सीओ आणि एचटूएसचं तर यात काहीच तपासलं जात नाही. मार्कर पेन, पेट्रोलचा बोळा, सॅनिटायझरचा हात, हे सगळं त्यातच आलं. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलने सीओचा सेन्सर भडकतो आणि शांत व्हायला बराच वेळ घेतो, म्हणून मीटर हातात घ्यायच्या आधी हात पूर्ण वाळू द्या.

आमच्याकडे मिथेन नाहीच, टोल्यूइन आहे. मग मिथेनवर कॅलिब्रेट करून काय उपयोग?

उपयोग आहे पण आकडा जसाच्या तसा घ्यायचा नाही. मिथेनवर लावलेला कॅटॅलिटिक सेन्सर टोल्यूइनसारखी जड वाफ असली की कमी दाखवतो. मॅन्युअलमध्ये करेक्शन फॅक्टरचा तक्ता असतो, टोल्यूइनला तो बऱ्याच मीटरमध्ये दोन-अडीचच्या आसपास असतो. म्हणजे स्क्रीनवर १० दिसले तर खरे २०-२५. म्हणून सॉल्व्हंटच्या प्लांटमध्ये अलार्म खाली ठेवतात किंवा मीटरमध्ये तो गॅस निवडून ठेवतात.

तरीही बंप मिथेननेच करा असं मी सांगेन. मिथेनला जाळणं सेन्सरला सगळ्यात जड जातं, सेन्सर खराब व्हायला लागला की आधी मिथेन दिसेनासा होतो आणि प्रोपेन वगैरे काही काळ दिसत राहतात. प्रोपेनने टेस्ट केली तर पास होईल आणि ड्रेनेजमधला मिथेन त्याला दिसणारच नाही.

सेन्सर पॉयझन होतो म्हणतात ते काय?

कॅटॅलिटिक सेन्सरवर सिलिकॉनची वाफ बसली की तो कायमचा आंधळा होतो. सिलिकॉन कुठून येतो? सीलंट, मोल्ड रिलीज स्प्रे, काही ग्रीस, गाडीच्या डॅशबोर्डचं पॉलिश, अगदी मीटर चकाचक पुसायला घेतलेला स्प्रे. मीटर पुसायला फक्त ओलं फडकं. शिशाची संयुगं पण घातक, एचटूएस मोठ्या प्रमाणात आणि क्लोरीनवाली सॉल्व्हंट्स यांनी सेन्सर काही काळ दबतो. असा मेलेला सेन्सर स्क्रीनवर सुंदर स्थिर शून्य दाखवतो, म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर परत वाचा.

नायट्रोजन मारलेल्या टाकीत एलईएल शून्य आला. उतरू का?

दोन कारणांनी नाही. एक, नायट्रोजनमध्ये माणूस दोन श्वासांत कोसळतो, त्याला गुदमरल्यासारखं वाटायला पण वेळ मिळत नाही. दोन, कॅटॅलिटिक सेन्सरला गॅस जाळायला ऑक्सिजन लागतो, साधारण १० टक्क्यांच्या खाली त्याच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणूनच क्रम ठरलेला आहे: आधी ऑक्सिजन वाचा, मग एलईएल, मग विषारी गॅस. उलट टोकाला, गॅस प्रचंड असला तर आकडा एकदम वर उडून परत खाली येऊ शकतो, चांगले मीटर अशा वेळी ओव्हर रेंजवर लॉक होतात. आकडा उडी मारून शून्य झाला तर ती जागा स्वच्छ झाली असं समजू नका, मीटर बाहेर आणा आणि परत बंप करा.

डिस्टिलरीच्या फर्मेंटरमध्ये चार गॅसचा मीटर पुरतो का?

पुरत नाही आणि हे कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगरकडच्या कारखान्यांनी भिंतीवर लिहून ठेवावं असं मला वाटतं. फर्मेंटेशनमध्ये कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि नेहमीच्या चार सेन्सरपैकी एकही तो ओळखत नाही. लोक म्हणतात ऑक्सिजन कमी झाला की कळेलच. आकडे मांडून बघा. हवेत ४ टक्के सीओटू भरला म्हणजे ४०,००० पीपीएम, ही पातळी जिवाला लगेच धोका असलेली धरतात, आणि तेवढ्याने ऑक्सिजन २०.९ चा होतो फक्त २०.१ च्या आसपास. अलार्म १९.५ ला आहे. म्हणजे माणूस चक्कर येऊन पडेल आणि मीटर गप्पच राहील. तिथे सीओटूचा इन्फ्रारेड सेन्सर असलेला मीटर लागतो, त्याची बंप सीओटूच्या सिलिंडरने, आणि त्याचा झीरो साध्या हवेत मारायचा की नायट्रोजनवर हे मॅन्युअलमध्ये बघून, कारण साध्या हवेतच ४०० पीपीएमच्या वर सीओटू असतो.

इन्फ्रारेडची गोष्ट निघालीच आहे तर हेही, इन्फ्रारेडवाला एलईएल सेन्सर हायड्रोजन बघू शकत नाही. आणि बॅटरी रूममध्ये सीओचा अलार्म वाजला तर तो बऱ्याचदा चार्जिंगच्या हायड्रोजनमुळे असतो, सीओचा सेन्सर हायड्रोजनला पण हलतो. तरीही आधी बाहेर या, कारण मग शोधा.

कोकणात पावसाळ्यात ऑक्सिजन २०.२ वगैरे दाखवतो. सेन्सर गेला का?

गेलाच असेल असं नाही. गरम दमट हवेत पाण्याची वाफच जागा घेते. ३५ डिग्री आणि ९० टक्के आर्द्रता असली तर हवेत जवळपास ५ टक्के वाफ असते आणि ऑक्सिजन खरोखरच १९.९ च्या आसपास येतो. त्यामुळे सकाळी एसी खोलीत झीरो केलेला मीटर दुपारी बाहेर थोडा खाली दिसेल. पण हे कारण टाकीच्या तोंडाशी वापरायचं नाही. बाहेर मोकळ्यावर २०.४ आणि टाकीत १९.९ असा फरक आला तर मधला अर्धा टक्का कुणीतरी खाल्लाय. ऑक्सिजन अर्धा टक्का पडला म्हणजे दुसरा कुठला तरी गॅस साधारण अडीच टक्के घुसलाय, म्हणजे २५,००० पीपीएम. तो गॅस कुठला आहे हे कळेपर्यंत कुणी आत जायचं नाही, अलार्म वाजलेला नसला तरी.

गावाकडे विहिरीत कंदील सोडून बघतात, तो चालतो ना?

कंदील विझला तर उतरू नका, एवढंच त्यातून घ्या. पण विझला नाही म्हणून उतरू नका. ज्योत विझते ऑक्सिजन साधारण १६ टक्क्यांवर आल्यावर, तोवर माणसाचं डोकं काम करेनासं होऊ लागलेलं असतं. एचटूएस काही शे पीपीएम असला, जो माणसाला काही मिनिटांत आडवा करतो, तरी कंदील मजेत जळत राहतो. आणि मिथेन असला तर कंदीलच आग लावतो. वासावर तर बिलकुल जाऊ नका, सडक्या अंड्याचा वास १०० पीपीएमच्या आसपास नाक बधिर करून टाकतो, माणसाला वाटतं वास गेला, गॅस गेला.

एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेण-मैला साठवलेल्या जुन्या विहिरीत पडलेलं मांजर काढायला एक जण उतरला, त्याच्यामागे एकेक करत बाकीचे, आणि पाच जण गेले. मीटर असता तरी तो आधी सोडायला हवा होता आणि मागच्या माणसांना कुणीतरी धरून ठेवायला हवं होतं. ज्यांच्या गावात बायोगॅसचे खड्डे आहेत त्यांनी ग्रामपंचायतीत एक चालू मीटर, एक सिलिंडर आणि तो वापरता येणारी दोन माणसं ठेवावीत असं मला अगदी मनापासून वाटतं.

बंप पास झाली. आता चेंबर कसं तपासायचं?

बाहेरून, झाकण पूर्ण उघडायच्या आधी फटीतून, मग वर, मध्ये आणि तळाशी. मिथेन हलका, वर जातो. एचटूएस आणि एलपीजी जड, खाली बसतात. सीओ जवळपास हवेइतकाच. होज लावून खाली सोडला की घाई नको, होजच्या दर एक मीटर लांबीला दोन-तीन सेकंद आणि वर सेन्सरचा स्वतःचा वेळ, म्हणजे एकेका पातळीवर निदान दोन मिनिटं धरा. आणि बंप करताना होज जोडूनच करा, होजला चीर असली तर मीटर वरचीच हवा ओढतो आणि तळ स्वच्छ सांगतो. गाळ ढवळला की अडकलेला एचटूएस एकदम सुटतो म्हणून आतल्या माणसाच्या छातीवर मीटर चालूच हवा, नुसती सुरुवातीची रीडिंग पुरत नाही.

प्लांटमध्ये कायम बसवलेल्या फिक्स्ड डिटेक्टरचं पण असंच का?

मूळ तेच, पण तिथे एक जास्तीची जोखीम. टेस्टचा गॅस दिला की ट्रिप होऊन प्लांट बंद पडू शकतो नाहीतर डेल्यूज (आग विझवायचा पाण्याचा फवारा) सुटू शकतो. त्यामुळे आधी कंट्रोल रूमला कळवा, तेवढाच चॅनेल इनहिबिट (तात्पुरता बंद) करा, वॉकीटॉकीवर एकजण पॅनेलपाशी, एकजण डिटेक्टरपाशी. पॅनेलवर तोच टॅग नंबर हलतोय का हे बघणं हाच अर्धा फायदा आहे, वायरी अदलाबदल झालेल्या अशाच सापडतात. काम झालं की इनहिबिट काढायचा आणि काढल्याचं लिहायचं. विसरलेला इनहिबिट म्हणजे डिटेक्टर नसल्यासारखंच.

पावसाळ्यानंतर प्रत्येक हेड जवळून बघा. स्प्लॅश गार्डमध्ये पाणी, शेवाळ, रंगकाम करताना जाळीवर बसलेला रंग, आणि कुंभारमाशीने लिंपलेलं मातीचं घर, जे अंगठ्याएवढं असतं आणि भोक पूर्ण बंद करतं. गॅस त्या गार्डच्या बाहेरून द्या. गार्ड काढून थेट सेन्सरवर दिला तर टेस्ट पास होईल आणि माती तशीच राहील.

टेस्टच्या सिलिंडरमधला कॅल गॅस स्वतः धोकादायक नाही का?

चार गॅसच्या मिश्रणात मिथेन जळण्याच्या पातळीच्या खाली असतो आणि प्रमाण थोडं असतं, त्यामुळे मोकळ्यावर भीती नाही. पण बंद एसी खोलीत वीस मीटर ओळीने टेस्ट करायचे असतील तर एक्झॉस्टची नळी खिडकीबाहेर सोडा. नायट्रोजन, क्लोरीन, अमोनिया यांचे सिलिंडर तर बंद खोलीत उघडूच नका. सिलिंडर गाडीच्या डिकीत उन्हात ठेवायचा नाही, रेग्युलेटर लावलेला तसाच सोडायचा नाही, रात्रभरात गळून रिकामा होतो. मीटरचं चार्जिंग आणि बॅटरी बदलणं फक्त सेफ एरियात.

मागे कॅलिब्रेशनचं स्टिकर आहे, ड्यू डेट पुढची आहे. बंप कशाला?

स्टिकर सांगतं की त्या दिवशी तो बरोबर होता. काल तो पाण्यात पडला हे स्टिकरला माहीत नाही. एजन्सीकडून सर्टिफिकेट घेताना दोन आकडे मागा, जुळवायच्या आधी मीटर किती दाखवत होता आणि नंतर किती. आधीचा आकडा नसेल तर गेले सहा महिने मीटर खरं बोलत होता की खोटं ते कधीच कळणार नाही. तुमच्या रजिस्टरमध्ये पण मीटरचा सिरियल नंबर, सिलिंडरचा लॉट आणि एक्सपायरी, आधीचे-नंतरचे आकडे आणि करणाऱ्याची सही. महिनाभर एकाच पेनाने एकाच हस्ताक्षरात सगळीकडे "ओके" लिहिलेलं रजिस्टर मी एका साइटवर बघितलंय, आकडा एकही नाही. त्या रजिस्टरवर उतरणाऱ्या माणसांना हे माहीतसुद्धा नव्हतं.

कायद्यात आहे का हे?

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) कलम ३६ मध्येच लिहिलं होतं की असल्या बंद जागेत माणूस पाठवायच्या आधी सक्षम व्यक्तीने स्वतः टेस्ट करून लेखी सर्टिफिकेट द्यायचं, नाहीतर श्वसनयंत्र आणि बाहेर धरलेली दोरी हवी. "स्वतः टेस्ट करून" हे शब्द महत्त्वाचे. गटार आणि सेप्टिक टँकसाठी २०१३ चा कायदा आणि नियम आहेत, त्यातल्या साहित्याच्या यादीत चार गॅसचा मॉनिटर आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने गटारातल्या मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली.

टेस्ट फेल झाली आणि दुसरा मीटर नाही, काम अर्जंट आहे. काय करू?

काम थांबवा, मीटरला लाल टॅग लावा आणि तो वेगळ्या कपाटात ठेवा, नाहीतर दुसऱ्या शिफ्टचा माणूस तोच उचलतो. पूर्ण कॅलिब्रेशन करून बघा, घेतलं तर परत बंप करून वापरा. नाही घेतलं तर शेजारच्या कंपनीकडून मागा, एमआयडीसीत एकमेकांना मीटर देतात, फक्त आलेल्या मीटरची पण आपल्या सिलिंडरवर बंप करा.

रिकामा सिलिंडर भंगारात टाकू का?

तसाच नको. हे सिलिंडर परत भरायचे नसतात, भरायचा प्रयत्न पण करू नका. मोकळ्या हवेत रेग्युलेटर लावून गेज शून्यावर येईपर्यंत पूर्ण सोडा, लेबलवर "रिकामा" लिहा आणि सप्लायर परत घेतो का विचारा, बरेच घेतात. नाही घेतला तर लेबलवर दिलेल्या पद्धतीने निकामी करूनच अधिकृत भंगारवाल्याला द्या आणि रजिस्टरमध्ये त्याचा लॉट नंबर खोडून तारीख टाका.